सात नंबरचा पंप

हा किस्सा मी आतापर्यंत पन्नासएक वेळा तरी सांगितला असेल. सोसायटीच्या कोजागिरीला सांगितला, व्याह्यांना सांगितला, माझ्या स्वतःच्या निरोपसमारंभात माइक हातात घेऊन सांगितला. आमच्या कारखान्यात एक फिटर होता, त्याला यंत्रांचे आवाज रंगीत दिसायचे, आणि एकदा बाहेरून आलेल्या ऑडिटरला त्याने हे तोंडावर सांगितलं. इथवर आलं की लोक हसू लागतात आणि मी थांबतो. या अंकाच्या संपादकांनी 'कारखान्यातल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात हाच किस्सा होता, कारण त्यांनी तो माझ्याच तोंडून ऐकला होता. लिहितो. पण मी जिथे थांबायचो त्याच्या पुढचं आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही, आणि ते गमतीचं नाही.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. मेंटेनन्स म्हणजे सगळं नीट चालू असेल तेव्हा ज्याचं नाव कुणी घेत नाही, आणि बंद पडलं की ज्याला सगळे हाका मारतात तो विभाग. पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर अशी दिवसरात्र फिरणारी यंत्रं आमच्या ताब्यात होती. फिरणाऱ्या यंत्राचा जीव बेअरिंगमध्ये असतो. बेअरिंग एकदम जात नाही, आधी कुरकुरतं. ती कुरकुर ऐकायची आमची एक जुनी पद्धत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं सगळं ऐकू येतं. मला त्यात फक्त घरघर ऐकू यायची. आमच्याकडे खऱ्या अर्थाने ऐकणारा माणूस एकच होता, हणमंत निकम.

निकम साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले. धाकटा भाऊ वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाली करायचा, हे इकडे कारखान्यात. बुटके, रुंद खांद्यांचे, वयाने माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. रोज सकाळी आठ वाजता ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्लँटमधून फेरी मारायचे आणि खिशातल्या रंगीत खडूंपैकी एक काढून प्रत्येक यंत्राच्या पायथ्याशी बोटभर रेघ ओढायचे. हिरवी, जांभळी, विटकरी. एखाद्या रेघेच्या कडेला पिवळी छटा दिसली की आम्ही समजायचो, या यंत्राचं बेअरिंग आठ-दहा दिवसांत बदलायला हवं. बहुतेक वेळा ते खरं ठरायचं. नेहमी नाही. एकदा एक चांगलं बेअरिंग आम्ही उगाच काढून फेकलं आणि निकम दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. त्या खडूंना सगळे निकमांचा पंचरंगी प्रसाद म्हणत. कुणी अर्थ विचारला नाही, आणि त्यांनीही सांगितला नाही.

मी विचारला. एका सकाळी आम्ही दोघंच सात नंबरच्या पंपापाशी होतो. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हटलं, "निकम, हे रंग कसे ठरवता तुम्ही?"

"ठरवत न्हाई सायेब, दिसत्यात. आवाज आला की म्होरं रंग येतो. ह्यो सात नंबर हिरवा हाय, कवळ्या गव्हावानी. आज जरा कडंनं पिवळा पडलाय."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सात हिरवा कसा असेल? सात तपकिरी असतो."

निकमांनी डोळे उघडले. मी घाईने म्हणालो, "म्हणजे पाइपलाइनचा रंग म्हणतोय मी." प्लँटमधल्या पाइपांना, आतून काय वाहतं त्यावरून वेगवेगळे रंग दिलेले असतात, त्यामुळे हे बोलणं खपण्यासारखं होतं. निकम माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "बरं सायेब," आणि पुढच्या पंपाकडे गेले.

आता सांगून टाकतो. मला आकडे रंगीत दिसतात. समजायला लागल्यापासून दिसतात. पाच पिवळा, सात तपकिरी, नऊ काळपट लाल. वारही तसेच. मंगळवार राखाडी, गुरुवार दुधी. हे मी मनाशी ठरवलेलं नाही आणि ते बदलताही येत नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं. दुसरीत असताना आईला विचारलं की मंगळवार एवढा राखाडी का असतो. आई भाकरी थापत होती. ती थांबली आणि तिचा चेहरा असा झाला की मी तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या थोरल्या काकांना तेव्हा नुकतंच ठाण्याला नेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या पिढीत 'ठाण्याला नेलं' म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे वेगळं सांगावं लागत नसे. काकांना आवाज ऐकू यायचे. आईने मला जवळ ओढून हळूच सांगितलं, "हे बाहेर कुणाला बोलायचं नाही हं बाळा." मी चाळीस वर्षं बोललो नाही. बायकोलाही नाही. त्या सकाळी पंपाच्या घरघरीत पहिल्यांदा जीभ घसरली, तीही रंग चुकलाय हे सहन न झाल्यामुळे.

त्यानंतर निकमांनी एक दिवस मला त्यांची वही दाखवली. लेकीच्या शाळेची शंभर पानी वही आणि तिच्याच रंगपेटीतले खडू. प्रत्येक यंत्राला एक पान. पानभर उभे पट्टे, आठवड्याला एक. चार नंबर ब्लोअरच्या पानावर जांभळ्या पट्ट्यांची रांग होती, मग एकेका पट्ट्याच्या कडेला पिवळं उगवत गेलेलं, वाढत गेलेलं, आणि बेअरिंग बदललं त्या आठवड्यापासून पुन्हा निखळ जांभळा. तीन वर्षांचं काम होतं. पहिल्या वर्षीचा जांभळा आणि तिसऱ्या वर्षीचा जांभळा, दोन्ही अगदी एक. मी कितीतरी वेळ पानं उलटत बसलो. चित्रांतलं मला काही कळत नाही, पण ती वही सुंदर होती. मनातून चडफडतही होतो, कारण पानांवर आकडे घातले होते आणि एकही रंग माझ्या आकड्यांशी जुळत नव्हता. त्या वेळी बोलायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो, दुपारची जेवणाची सुट्टी होती, आणि त्यांनी ती वही दुसऱ्या कुणाला दाखवली नव्हती. मी म्हणालो, "छान आहे. जपून ठेवा."

नव्वदचं दशक ज्यांनी कारखान्यांत काढलं त्यांना गुणवत्तेच्या सर्टिफिकेटचं वारं आठवत असेल. सर्टिफिकेट असेल तरच माल बाहेरदेशी जाणार. सहा महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. जे करतो ते कागदावर लिहायचं, आणि जे कागदावर आहे तेवढंच करायचं. प्रत्येक कागदाला क्रमांक, प्रत्येक कागदावर सही. ज्याला क्रमांक नाही तो कागद प्लँटमध्ये दिसता कामा नये. ऑडिटर कामगारालाच गाठून प्रश्न विचारतो, म्हणून सगळ्यांकडून उत्तरं घोकून घेतली होती. निकमांना मी स्वतः पढवलं होतं. "विचारलं तर म्हणायचं, कार्यसूचना क्रमांक अमुकप्रमाणे तपासणी करतो." खडूच्या रेघा आदल्या दिवशी पुसून घेतल्या. पण सवय ती सवय. ऑडिटच्या सकाळी आठ वाजता निकमांनी फेरी मारलीच, आणि अकरा वाजता ऑडिटर नेमका सात नंबरपाशी थांबला.

"ये कलर किस लिए है?" त्याने निकमांना विचारलं.

मी मागून घसा खाकरला. निकम म्हणाले, "आवाज का कलर है साब. ये पंप का आवाज ग्रीन है."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग आमचे मॅनेजर मोठ्याने हसले, आणि ते हसले म्हणून सगळे हसले. मीही हसलो. ऑडिटर हसला नाही. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, ही तुमच्या विभागाची पद्धत आहे का. मॅनेजर माझ्याकडे बघत होते, निकमही बघत होते. मी म्हणालो, "नाही सर. ही त्यांची वैयक्तिक अंधश्रद्धा आहे."

माझा शब्द अंधश्रद्धा हाच होता. इंग्रजीत म्हणालो, पण निकमांना तेवढं इंग्रजी समजायचं. किस्सा सांगताना मी हे वाक्य गाळतो.

सर्टिफिकेट मिळालं. पेढे वाटले. क्रमांक नसलेल्या सगळ्या नोंदी जमा करा असा शेरा ऑडिटरने मारला होता, म्हणून निकमांची वही माझ्याकडे आली. नियम असा की क्रमांक नसलेला कागद सापडला तर त्याच्या प्रत्येक पानावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा आणि एक प्रत कपाटात कुलपात ठेवायची. प्रत एकच होती. शिक्के मी मारले. हे काम मी क्लार्ककडे देऊ शकलो असतो. पण वही दुसऱ्याच्या हाती द्यायला नको, एवढ्या प्रेमाने मी ती स्वतः खराब केली.

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "करमरकर, हा माणूस जे नाही ते बघतो. उद्या स्टीमचा व्हॉल्व्ह त्याला गुलाबी दिसला आणि त्याने उघडला तर? डॉक्टरला दाखवा." विभागप्रमुख म्हणून कंपनीच्या डॉक्टरांकडे निकमांसोबत मीच गेलो. दवाखान्यात निकम खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, टोपी मांडीवर. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे विचारलं. आवाज नसताना रंग दिसतात का? नाही. रंग काही बोलतात का, काही करायला सांगतात का? नाही. दारू? नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या ओळखीत आणखी कुणाला असं होतं का? घरात, गावाला, कामावर? असलं तर सांगा. म्हणजे मला लिहिता येईल की हे काही लोकांना असतं."

निकमांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते आठवतायत, गावाकडचं कुणी. बराच वेळ गेला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. तो गुरुवार होता, दुधी.

"न्हाई," निकम म्हणाले. "कुनाला न्हाई."

डॉक्टरांनी लिहिलं, फिरत्या यंत्रांजवळ काम देऊ नये. दुसऱ्या दिवसापासून निकम स्टोअरला गेले. साबणाच्या वड्या, हातमोजे आणि चिंध्या मोजून द्यायचं काम. पगार तोच राहिला, त्यामुळे युनियनने आवाज उठवला नाही. पण ज्या माणसाची पावलं ऐकून ऑपरेटर उठून उभे राहत, त्याच्याकडे आता पोरंटोरं "काय रे कलर टीव्ही, दोन साबण दे" म्हणून जाऊ लागली. मी एकदाही कुणाला हटकलं नाही. स्टोअर प्लँटच्या भिंतीला लागूनच होतं. कधी तिथून जाताना निकम त्या भिंतीला पाठ लावून उभे दिसायचे, डोळे मिटलेले. मी रस्ता बदलायचो.

इथे वाचकांची अपेक्षा असणार की निकमांशिवाय कारखाना ठप्प झाला. तसं काही झालं नाही. आम्ही कंपन मोजणारं यंत्र घेतलं. ते आकडे दाखवायचं, आम्ही आकडे लिहायचो, बेअरिंगं वेळेवर बदलली जायची. कंपनीचं काही अडलं नाही. तसं अडलं असतं तर निदान मला जाऊन त्यांना परत बोलावता आलं असतं.

तीन-चार वर्षांनी निकमांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच सुमारास माझी मुलगी नेरूळच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला वार रंगीत दिसतात ना, त्याला नाव आहे. सिनेस्थेशिया. आज लेक्चरला होतं." घास माझ्या हातातच राहिला. तिला दिसतात हेच मला ठाऊक नव्हतं. तिने ते चवळीच्या उसळीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज सांगितलं. मग पुस्तक आणून वाचून दाखवलं. एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होते. हा आजार नाही. वेड तर नाहीच. पुष्कळदा एकाच घराण्यात आढळतं. ओळखायची रीत साधी आहे. रंग विचारायचे, लिहून ठेवायचे आणि वर्षभराने न सांगता पुन्हा विचारायचे. खरं असेल तर उत्तरं तीच येतात. मला चार नंबर ब्लोअरचे जांभळे पट्टे आठवले. तीन वर्षांचा पुरावा माझ्या कपाटात होता, माझ्याच शिक्क्यांखाली.

"पुष्कळ चित्रकारांना, गाणाऱ्यांनाही असतं म्हणे," मुलगी म्हणाली. म्हणजे मैफिलीत बसून कुणी सांगितलं की मला हा सूर निळा दिसतो, तर आपण मान डोलावतो. निकमांनी तेच पंपाबद्दल सांगितलं आणि आम्ही त्यांना साबण मोजायला बसवलं.

मग तिने विचारलं, "आपल्याकडे आणखी कुणाला आहे का हो? आजीला वगैरे?"

मी म्हणालो, "नाही. कुणाला नाही."

निकमांचेच शब्द. ते माझ्या तोंडून निघाल्यावर मला इतकी लाज वाटली की मी पानावरून उठलो. सोमवारी ऑफिसचं कपाट उघडून वही काढली, आणि त्या रविवारी कोपरखैरण्याला निकमांच्या घरी गेलो.

बैठं घर, ओटीवर तुळशीचा डबा. वहिनींनी दार उघडलं आणि आत वळून म्हणाल्या, "अवो, कारखान्यातलं सायेब आल्यात." निकम बाहेर आले. केस पांढरे झाले होते, खांदे तसेच होते. चहा झाला, भावाच्या मुलाच्या नोकरीचं झालं, पाण्याच्या टंचाईचं झालं. शेवटी मी पिशवीतून वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का. ते सात नंबरच्या पानावर थांबले आणि त्यांनी हिरव्यावरून अंगठा फिरवला.

मी म्हणालो, "निकम, मलाही दिसतात. आकडे आणि वार. लहानपणापासून."

त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय," म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच सकाळपास्नं. तुमी म्हनला सात तपकिरी, आन मग म्हनला पाइपलाइनचा रंग. सात नंबरची लाइन निळी हुती, सायेब. रंग मीच मारला हुता."

बाहेर कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू झाला आणि बंद झाला. मी विचारलं, "मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत? एवढा वेळ गप्प का बसलात?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दवाखान्यात पाहिलं होतं तसंच.

"म्या वाट बघत हुतो," निकम म्हणाले. "तुमी बोलाल म्हनून."

माफी मागायला गेलो होतो, ती मागितली गेली नाही. निघताना मी वही तिथेच ठेवली होती. ते चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत मागून आले आणि ती माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, सायेब. शिक्का तुमचा हाय."

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं, माझे रंगही सांगितले. तिने ते लिहून घेतले आणि वर्षभराने पुन्हा विचारले. एकही बदलला नव्हता. त्यानंतरही मी निकमांचा किस्सा लोकांना सांगतच राहिलो, ऑडिटरपाशी थांबून, लोकांना हसवून. निरोपसमारंभात सांगितला तेव्हा वही घरी कपाटात होती. आज हे लिहिताना ती समोर उघडी ठेवली आहे. सात नंबरच्या पानावरचा हिरवा अजून तसाच आहे, आणि शिक्काही.